जागा सोडायची न्हाय

संज्याचा एक किस्सा सांगायला बसलं की त्याच्या मागोमाग दुसरा उठून उभा राहतो, आणि पहिला कुठं चालला होता तेच विसरायला होतं. शाहूपुरीत आमच्या पक्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेली बारा वर्षं संध्याकाळी आम्ही तिथं बसतो आणि 'संज्या' या विषयाचा अभ्यास करतो. अजून कुणी पास झालेलं नाही!

संज्या मूळचा नेसरीचा. शाळेला कोल्हापुरात मामाकडं होता, तेव्हापासून आमचा दोस्त. धंदा काय, तर आइस हॉकीचा गोलकीपर. अगदी पगारी! बर्फावर उभं राहायचं आणि अंगावर येणारी काळी रबरी चकती अडवायची. आता कोल्हापूरच्या माणसाला बर्फ माहीत असतो तो उसाच्या रसातला. त्यामुळं गोंधळ पहिल्या दिवसापासूनच आहे.

मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. तरीसुद्धा संज्या सध्या कुठं आहे, हे नकाशावर बोट ठेवून मला कधीच सांगता आलेलं नाही. बारा वर्षांत सहा देश आणि नऊ टीम! मी एक गाव शोधून काढेपर्यंत हा पुढच्या गावाला गेलेला असतो.

"मास्तर, लेका तू भूगोल शिकवतोस का अंदाज सांगतोस?" असं पक्या मला गिऱ्हाइकांसमोर विचारतो.

*

संज्याला गोलकीपर कुणी केलं? तर म्हशींनी.

नेसरीला त्यांच्या गोठ्यासमोर कुंपणाला एक मोकळी फट होती. पलीकडं शेजारच्या बापूंचा ऊस. संध्याकाळी म्हशी ओढ्यावरनं परत यायच्या तेव्हा त्या फटीत हात पसरून उभं राहायचं, हे संज्याचं काम. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला एकच नियम घालून दिला होता.

"काय बी हूं दे, जागा सोडायची न्हाय."

एकदा रस्त्यानं बँड चालला होता म्हणून हा बघायला गेला. तेवढ्यात चार म्हशी बापूंच्या उसात. आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "बँड झाला का बघून?"

त्यानंतर संज्यानं जागा सोडली नाही. कोल्हापुरात आला तो थेट पेठेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर झाला.

*

फुटबॉलमधून तो चाकांच्या बुटांवर कसा गेला, ही आणखी निराळी तऱ्हा. एका स्केटिंग क्लबला हॉकीच्या मॅचसाठी गोलकीपर हवा होता. त्यांचा आजारी पडला होता. संज्यानं आयुष्यात स्केट घातले नव्हते.

"गोलकीपरला पळायला कुठं लागतंय? हुभारायचं तर हाय!" म्हणून त्यानं हो म्हटलं.

मॅच सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला साहेब आडवे. उठायचा प्रयत्न केला, परत आडवे. शेवटी त्यानं उठायचा नाद सोडला आणि गोलच्या तोंडाशी लांबच्या लांब आडवा पडून राहिला. संपूर्ण मॅच! चेंडू जमिनीवरनं यायचा आणि ह्याच्यावर येऊन आपटायचा. एकही गोल झाला नाही.

त्या जोरावर हा लडाखला आइस हॉकीच्या शिबिराला गेला. तिथं एका परदेशी कोचनं त्याला बघितलं आणि इतरांना सांगितलं, "या मुलाची पडून अडवायची पद्धत नीट बघा."

*

त्याच कोचनं त्याला परदेशातली पहिली टीम मिळवून दिली. तिथून पहिल्यांदा परत आला तेव्हा आम्ही दुकानात त्याला मधे बसवून चौकशी केली. पक्याला सगळ्यात मोठा प्रश्न होता तो बर्फाचा.

"एवढा बर्फ आणतात कुठनं?"

"आणत न्हाईत. खाली पाइप असतात. पाणी सोडलं की गोठतंय."

"आन् वितळायला नको म्हणून भुसा?"

"भुसा कशाला? फ्लोअरच थंड असतंय."

पक्या विचारात पडला. बर्फाच्या लादीवर भुसा नाही, हे त्याला पटेना. शेवटी फार काळजीनं म्हणाला, "भुसा टाका म्हणावं की! पोरं घसरायची तरी थांबतील."

संज्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. खरं सांगायचं तर मलाही तोवर तसंच वाटत होतं.

*

आप्पांची चौकशी मात्र वेगळी होती. संज्या सुट्टीत नेसरीला गेला की गोठ्यात शेण भरता भरता ते विचारायचे.

"मंजी नेमकं करतोस काय?"

"आडवतो, आप्पा. चकती."

"आन् गेली आत तर?"

"गोल हुतो. मग परत सुरू. परत आडवायची."

"मंजी उसाचं नुकसान न्हाय, कुणाची तक्रार न्हाय?"

"न्हाय."

"मग आडवायची कशाला?"

याचं उत्तर नऊ टीमच्या कोचना विचारून बघितलं असतं तरी मिळालं नसतं.

पण एक सांगतो. संज्यानं कधी मोठ्या पगाराची, नावाची हाव धरली नाही. आप्पांनी एकदा, फक्त एकदा, आपल्याला खेळताना बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि आप्पांचं ठरलेलं उत्तर होतं, "म्हशी कोण बघणार?"

*

हंगेरीत असताना त्याचा पूर्ण सीझन बाकावर गेला. टीममध्ये गोलकीपर दोन असतात, एक खेळतो आणि दुसरा बाकावर बसतो. खेळाडू आत-बाहेर करतात तेव्हा बाकाजवळचं छोटं दार उघडायचं कामही बसलेल्याकडंच येतं. संज्यानं ते अख्खा हिवाळा केलं.

मी फोनवर विचारलं, "खेळतोयस का?" तर म्हणाला, "दार उघडतोय."

मी हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ही माझी चूक. पुढच्या आठवड्यात नेसरीहून आलेला माणूस मला म्हणाला, "संज्या परदेशात वॉचमन लागला म्हणं! आप्पांनी पेढं वाटलं की."

आप्पांना फोन केला तर ते एवढे खुश, की खुलासा करायचं माझं धाडस झालं नाही. "आता कसं," ते म्हणाले, "पक्कं काम घावलं पोराला."

पुढच्या वर्षी संज्या रोमानियात पहिल्या नंबरचा गोलकीपर झाला. आप्पांना वाईट वाटलं.

*

रोमानियात त्याची टीम जिंकली तेव्हा पेठेत फलक लावायचं ठरलं. आता हा खेळतो तोंडावर जाळीचा मुखवटा घालून. पक्यानं इंटरनेटवरनं फोटो शोधला, फलक छापला, चौकात लावला. खाली 'कोल्हापूरच्या वाघाचं हार्दिक अभिनंदन' आणि आमची सगळ्यांची फोटोसकट नावं. हार घातला, फटाके लावले.

संज्या आला. फलकासमोर उभा राहिला.

"ह्यो कोण?"

"तू!"

"मी न्हवं ह्यो. ह्यो समोरच्या टीमचा गोलकीपर हाय. हरला त्यो!"

फलक आठ दिवस तसाच राहिला, कारण त्यावर आमचे फोटो चांगले आले होते. संज्यानं त्याचा फोटो काढून त्या माणसाला पाठवला. त्या बिचाऱ्याचं उत्तर आलं. हरल्यावर त्याच्या स्वतःच्या गावात त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि कोल्हापुरानं त्याला हार घातला! त्यानं तो फोटो फ्रेम करून घरात लावलाय म्हणे.

*

पोलंडला जायच्या आधी संज्याच्या आईनं त्याला पायाचे नवे कोरे पांढरे पॅड जोतिबाला न्यायला लावले. डोंगरावर गेलो. पॅड पायरीवर ठेवले, नारळ फोडला, "चांगभलं" म्हणून पक्यानं मुठी भरभरून गुलाल उधळला. पॅड गुलाबी झाले. धुतले तरी शिवणीत गुलाल राहिलाच.

पहिली मॅच. संज्या गुडघ्यावर बसला, उठला. खाली बर्फावर गुलाबी डाग. परत बसला, मोठा डाग. रेफ्रीनं शिट्टी मारली. रक्त! डॉक्टर धावत आला. संज्याचे पाय तपासले, काही नाही. मग दोन्ही टीमचे सगळे खेळाडू रांगेत उभे करून तपासले. कुणालाच काही लागलेलं नाही आणि बर्फ तर गुलाबी!

रेफ्रीनं संज्याला विचारलं, हे काय आहे? आता जोतिबा इंग्लिशमध्ये कसा सांगायचा? संज्या म्हणाला, "माय मदर."

रेफ्री दोन पावलं मागं सरकला. मॅच पुढं सुरू झाली, पण त्या दिवशी गोलच्या जवळ यायला समोरची पोरं जरा दबकतच होती, असं संज्या सांगतो.

*

आता शेवटचा. याला मी स्वतः साक्षीदार आहे.

गेल्या हिवाळ्यात संज्याचा गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, हा सीझन संपव आणि घरी जा. त्यानं मला फोन केला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मास्तर, शेवटची मॅच हाय. आप्पांना घेऊन ये. एकदा बघूं देत. पुन्हा दाखवायला माझ्याजवळ काय उरणार न्हाय."

मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हशी कोण बघणार?"

"मी बघतो," पक्या म्हणाला. ज्यानं आयुष्यात तारेच्या वेटोळ्याशिवाय कशाला हात लावला नव्हता, त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि नेसरीला जाऊन राहिला. आप्पांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

पोलंडमधलं ते छोटं स्टेडियम. दुपारची वेळ. आप्पा टोपी, कानाला मफलर आणि अंगावर घोंगडं घेऊन बसलेले. सगळ्या गॅलरीत थंडी न वाजणारा तेवढा एकच माणूस. संज्या बर्फावर आला, वर बघून त्यानं काठी उंचावली. आप्पांनी उगीच टोपी नीट केली.

मॅच सुरू झाली. आप्पांची नजर चकतीवर नव्हतीच, ती संज्यावर. त्यानं पाच अडवले, दहा अडवले, तीन गेले. मधेच एकदा आप्पा हळूच म्हणाले, "हुभारतोय बरा." बारा वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक.

शेवटची दोन मिनिटं. समोरचे तीन, आपले दोन. आणि इथं मी घात केला. या खेळात अशी पद्धत आहे, की हरत असलेली टीम शेवटी आपल्या गोलकीपरलाच बाहेर बोलावते आणि त्याच्याऐवजी हल्ला करायला एक खेळाडू जादा पाठवते. गोल रिकामा! संज्यानं मला हे कितीदा तरी सांगितलं होतं. आप्पांना सांगायचं मी साफ विसरलो.

कोचनं हात केला. संज्या गोल सोडून, दुखरा गुडघा ओढत, बाकाकडं निघाला.

आप्पा ताडकन उभे राहिले. "आरं, ह्यो कुठं चालला?"

"आप्पा, तसा नियम असतो, म्हणजे..."

"जागा सोडून?"

मी पुढचं बोलेपर्यंत ते पायऱ्या उतरायला लागले होते. घोंगडं खांद्यावर, थेट खाली, रिकाम्या गोलच्या मागं जी काच असते तिथं. मी मागनं पळतोय, "आप्पा, आप्पा!" ते थांबले नाहीत. काचेला नाक लावून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. म्हशी अडवताना पसरतात तसे.

"हॉऽऽ! हॉऽऽ!"

सिक्युरिटीवाला आला, बघून तसाच उभा राहिला. तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडनं कुणीतरी चकती मारली. समोर अडवायला कुणी नाही. चकती सरळ रिकाम्या गोलकडं यायला लागली. सगळं स्टेडियम उठलं. आप्पा हलले नाहीत. हात तसेच. "हॉऽऽऽ!"

चकती खांबाला लागली आणि बाहेर गेली.

भोंगा वाजला. मॅच आपण हरलोच. संज्यानं मुखवटा काढला, घसरत काचेजवळ आला. आप्पांचे हात अजून पसरलेलेच होते. काचेतून एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. संज्यानं काचेवर आपला हातमोजा टेकला. आप्पांनी त्याला बोटानं मागची जागा दाखवली. जा, हुभार जा.

परतीच्या विमानात मी आप्पांना तो नियम तीनदा समजावून सांगितला. तिन्ही वेळा ते "व्हय व्हय" म्हणाले.

परवा नेसरीला गेलो होतो. आता संज्या कायमचा घरी आलाय. गोठ्यासमोर चहा चालला होता, पक्याही होता. शेजारचे बापू आले, तेच ते उसाचे बापू. आप्पांना म्हणाले, "काय आप्पा, बघून आलासा म्हणं! पोरगं खेळतंय कसं?"

"चांगलं खेळतंय की," आप्पा म्हणाले. "फकस्त शेवटची दोन मिनटं जागा सोडून गेलता. तेवढी मी बघितली."

पक्यानं तोंड उघडलं. संज्यानं त्याचा हात दाबला.

"मग?" बापूंनी विचारलं. "त्या दोन मिनटांत गोल झाला?"

आप्पांनी बशीतला चहा संपवला.

"मी असताना?"