आवाज करणारा टायर

बालाघाटच्या टायरच्या दुकानात मी चिडून बसलो होतो. रोज लालबर्राजवळच्या राइस मिलवर जीप न्यायची. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा चिखलाचा. दोन्हीकडे चालेल पण डांबरावर घोंघावणार नाही असा टायर मला हवा होता, आणि दुकानदार म्हणत होता, तसा मिळत नाही.

तेवढ्यात साठीच्या एका गृहस्थांनी आपली जीप आणून लावली. उतरल्या उतरल्या त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. तेल गळत असेल, असं मला वाटलं. मग ते मांडलेल्या टायरांच्या खाचांतून अंगठा फिरवत राहिले.

"भाऊ, सगळ्यात जास्त आवाज करनारा दे."

मला हसू आलं. "काका, आवाज काहून पाहिजे?"

"माह्या गाडीचा आवाजच येत नाही," अंगठा न थांबवता ते म्हणाले. "आंगनात मागं घेत होतो. नातू मागंच खेळून राह्यलता."

मी उठून उभा राहिलो. अंगणात हळू मागे घेताना कुठलाच टायर वाजत नाही, हे मला माहीत होतं. दुकानदारालाही होतं. त्याने सगळ्यात खोल खाचांचे, डांबरावर सगळ्यात जास्त घोंघावणारे टायर काढले.

टायर बसवून झाल्यावर काका पुन्हा वाकले, मग गाडीत बसून मला म्हणाले, "मागं कोनी नाही न?"

कोणी नव्हतं. तरी मीही वाकून पाहिलं.