चितेगावला धाडलेली माणसं

बाबा बायबल शाळेत ग्रीक शिकवायचे. औरंगाबादेत, छावणीच्या बाजूला, या भाषेचा उपयोग काय असं शेजारी विचारायचे. आई म्हणायची, "भाजीवालीशी घासाघीस करायला तरी येते का कामाला?" बाबा हसायचे. ताई माहेरी आली त्या वर्षी मात्र ते हसेनासे झाले.

ताईला चितेगावला दिलं होतं. एका दुपारी ती एसटीनं एकटीच आली. उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. नवऱ्यानं पिरगळलं होतं, आणि ही पहिली वेळ नव्हती. लगोलग सासरचा निरोप आला: मुकाट्यानं पाठवा, नाहीतर आम्ही येऊन नेऊ. तेव्हापासून दाराशी गाडी थांबली की आई ताईला आतल्या खोलीत ढकलायची.

बाबांनी आमच्याकडची रीत केली. समेटासाठी आमच्या चर्चच्या मंडळीतली चार वडीलधारी माणसं चितेगावला धाडायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना 'प्रेस्बेइआ' हा ग्रीक शब्द समजावला. येशूच्या एका दृष्टांतात तो येतो; मराठी शुभवर्तमानात तिथं 'वकील' आहेत, पण मूळ शब्दात वडीलधारेपण आहे. ज्या राजाचं सैन्य कमी, तो शत्रू लांब आहे तोवरच जाणती माणसं पाठवतो आणि तहाच्या अटी विचारतो.

"आपलं सैन्य थोडं आहे, पोरी," बाबा ताईला म्हणाले.

मला त्या राजाचा भयंकर राग आला. ताईनं शांतपणे विचारलं, "हा शब्द आणखी कुठं येतो?"

"नव्या करारात आणखी एकदाच," म्हणून बाबा थांबले. पुढचं तिला ठाऊक होतं. त्या दुसऱ्या गोष्टीत एक उमराव राजपद मिळवायला दूरदेशी जातो आणि लोक त्याच्या मागोमाग आपली माणसं पाठवतात ती एवढंच सांगायला, की हा आमच्यावर राजा म्हणून नको. "बाबा, माझी माणसं ते सांगायला पाठवा," ती म्हणाली.

ती गोष्ट कशी संपते ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. तो राजा होऊन परत येतो आणि नको म्हणणाऱ्यांना समोर आणून ठार करवतो.

चौघं गेले ते समेटाचाच निरोप घेऊन. त्यांतले थोरले अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आपण गावात दोन्ही बाजूंचा समेट कसा घडवला, हे सांगून कधी थकत नसत. तोड निघेपर्यंत अशा घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. संध्याकाळी चौघं परतले ते पान चघळत. त्यांचे लाल ओठ बघून ताई भिंतीला टेकून खाली बसली.

"झालं बगा," थोरले म्हणाले. "लई चांगली माणसं हायेत. मटण केलं व्हतं. परवा घ्यायला येतेत. पोरीनं तेवढी माफी मागायची."

"आणि तिचं मनगट?" मी विचारलं.

"मोठ्यांच्यात बोलू नाय, बाई. आमी शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कोट चढवला. आई आडवी आली. "दुसरा निरोप राहिलाय," एवढंच ते बोलले आणि एकटे चितेगावच्या एसटीत बसले. तो दिवस आम्ही तिघींनी दाराला कडी लावून काढला. आईनं चूलही पेटवली नाही. बाबा परत येतील असं मला खरंच वाटत नव्हतं.

दिवेलागणीला ते आले. ताईच्या सासरच्या अंगणात उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं होतं, मुलगी येणार नाही. सासरे चिडले नाहीत की ओरडले नाहीत. म्हणाले, "चौघांचा शब्द मोडलात, गुरुजी. आज आमी ऐकून घेतलं. आमचं बी कवातरी ऐकवू."

बाबाही मंडळीतले एक 'वडील', म्हणजे पंच, होते; चौघांचा शब्द मोडला म्हणून पुढच्याच रविवारी त्यांना त्या पदावरून उतरवलं. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ताई दवाखान्यात नोकरीला लागली, तेव्हा बाबा रोज तिच्या मागं थोडं अंतर ठेवून चालायचे, जाताना आणि येतानाही. पाय थकले तरी काठी घेऊन चालायचे. चितेगावहून कधीच कुणी आलं नाही. आले असते तर एकदाचं संपलं असतं, असं मला पुष्कळदा वाटे.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ताईही निवृत्त झाली. मध्यंतरी आम्ही दोघी गुलमंडीत कापड घ्यायला गेलो, तर ती सारखी मागं वळून बघत होती.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "बाबा नाहीत ना आता मागं."