साडूभाऊंनी टाकलेलं वाक्य

उभ्या दिग्रसात आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही यांच्या शेजारी शूर दिसेल. बाजारात त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला खिशात भिंग असतंच, आणि त्याच भिंगातून ते जग पाहतात. एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरचे डोळे लाल आहेत का ते बघणार. लग्नात पहिली जिलेबी मला खायला लावणार आणि पाव तास माझं तोंड न्याहाळत बसणार. "कसं वाटून राह्यलं? पोटात काही?" मी म्हणायचो, "अहो, तोवर जिलेबी संपली ना!" "संपू दे. तू तर जित्ता हायेस," असं म्हणून ते वरण-भात खाऊनच खुशाल पानावरून उठायचे.

आम्ही पोट धरून हसायचो. पण हे भय काही उपजत नव्हतं. पूर्वी गिऱ्हाइकानं "लय जहाल नाई ना?" असं विचारलं की काउंटरमागून ठरलेलं उत्तर यायचं, "काही होत नाही, बिनधास्त मार!" एकदा हे ऐकून गेलेला फवारणीवाला भरदुपारी कपाशीत आडवा झाला. वाचला, पण हातांना कंप सुटला तो कायमचा. तो अजून दुकानात येतो. साडूभाऊ त्याला चहा पाजतात आणि त्याच्या हातातली कपबशी खडखडते तोवर दुसरीकडे बघत राहतात. ते वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडी आलं नाही.

साडूभाऊंना उशिरा मुलगी झाली, छकुली. गोवराच्या लशीला तिला अंगणवाडीत नेलं. साडूभाऊंनी भिंग काढलं, कुपीवरची तारीख वाचली, डब्यातल्या बर्फाला बोट लावून पाहिलं. सगळं बरोबर निघालं. सुई भरता भरता नर्सबाई सहज म्हणाल्या, "भाऊ, काही होत नाही." झालं! माणूस पांढराफटक. पोर उचललं आणि तडक घर गाठलं.

नर्सबाई बिचाऱ्या दोनदा घरी आल्या, दार उघडलं नाही. मेहुणीनं रडून पाहिलं. शेवटी मला धाडलं. साडूभाऊ म्हणाले, "मी बी असंच म्हणत होतो ना बाप्पा, लोकाइले. तू गॅरंटी घेतं काय?" मी हसलो, चहा घेतला आणि परत आलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग गल्लीत गोवर आला. छकुलीचं अंग पुरळानं भरलं, छाती घरघरू लागली. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "आज काही सांगता येत नाही." बाहेरच्या बाकावर साडूभाऊ मुठीत भिंग आवळून बसले होते. मीही घाबरलो होतो. त्यांनी माझा हात धरला. "एकदा म्हण ना बाप्पा, काही होत नाही."

मी म्हटलं. कसंबसं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, जिलेबी खाल्ल्यावर पाहायचे तसंच. "खोटं बोलून राह्यला ना?"

"हो."

"बोलत राह्य."

मी बोलत राहिलो. आतून तिच्या खोकल्याचा आवाज यायचा तेव्हा दोघंही गप्प व्हायचो, तो थांबला की जास्तच गप्प.

छकुली घरी आली. आता लशीच्या दिवशी साडूभाऊ दुकान बंद ठेवून अंगणवाडीत बसतात. एखादी आई बिचकली की सांगतात, "ताप येईन. भेव वाटते, मले बी वाटते. पण टोचून घे माय, मी बसतो इथं." आणि खरंच अर्धा तास त्या लेकराच्या तोंडाकडे टक लावून बसतात. छकुली शेजारीच असते. त्या गोवरापासून तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून ते नेहमी तिच्या डाव्या बाजूला बसतात.