हेटौड्याहून आलेली मोटारसायकल

रूपराव बैलबाजारातले दलाल होते. गाव आंजी मोठी, पण आठवड्यातले निम्मे दिवस ते गावात नसत. आर्वी, कारंजा, समुद्रपूर, जिथे बाजार तिथे पायी. बैलबाजार पहाटेच भरतो. विकायला निघालेली जनावरं एक-दोन दिवस आधीपासून वाटेवर असतात आणि रूपराव त्यांच्या मागून चालत जात. उभा बैल खोटं बोलू शकतो, असं ते म्हणत, चालता बैल बोलू शकत नाही.

सौदा तोंडाने होत नसे. दलाल आपला दुपट्टा विकणाऱ्याच्या हातावर टाकी आणि खाली त्याची बोटं धरी. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. बोट शंभराचं की हजाराचं, हे माल पाहून दोघांना कळलेलंच असे. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना माहीत. रूपरावांचं नाव होतं ते याच्याही पुढच्या एका गोष्टीसाठी. बोट दाबल्यावर समोरचा हात चटकन निघतो की थोडा रेंगाळतो, हे ते जोखत. रेंगाळणारा हात अडलेल्या माणसाचा. त्याचं आणखी एक बोट मिटवायचं, म्हणजे भाव तेवढा उतरवायचा. तो मान हलवतोच. घेणारे मोठे शेतकरी रूपरावांना बरोबर नेत ते या एका बोटासाठी. रूपरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. ते त्यांचं कसब होतं आणि कसबावर त्यांचं घर चाललं होतं.

पंचाहत्तर साली एका उधळलेल्या गोऱ्ह्याने त्यांना बंडीच्या चाकाशी दाबलं. गुडघा कायमचा गेला. काठी धरून घरापासून देवळापर्यंत जाता येई. एस.टी. होती, पण ती बाजाराच्या गावी दहाला पोचे, आणि दहा वाजता बैलबाजारात शेण आणि चहावाला एवढंच उरतं. गावातला नत्थूजी नावाचा तरणा दलाल त्यांची गिऱ्हाइकं नेऊ लागला. रूपराव ओट्यावर बसून रस्त्याने जाणारे बैल पाहत. कोणी थांबून विचारत नव्हतं. त्या दोन वर्षांत ते पन्नाशीतच सत्तरीचे दिसू लागले. त्यांना एकच गोष्ट हवी होती, पहाटे बाजारात पोचणं. त्यासाठी मोटारसायकल लागणार, इथपर्यंत त्यांनी स्वतःला आणलं होतं.

पण घ्यायची कशी? नवीन गाडीला ते तयार नव्हते. ज्या जनावरानं काम केलं नाही ते घेऊ नये. जुनी गाडी वर्ध्याला मिळे, पण तिथे मालक समोर येत नसे, मध्ये दलाल असे. आणि दलालावर रूपरावांचा विश्वास नव्हता.

सत्त्याहत्तरच्या थंडीत जिल्ह्यातून पशुपतिनाथाला यात्रेची बस निघाली. आनंदाबाईंनी, त्यांच्या बायकोने, दोन जागा धरल्या. दोन्ही मुली सासरी होत्या, घरात नुसता ओटा आणि त्यावरचा हा माणूस. "देव पाहा नाहीतर नका पाहू," त्या म्हणाल्या, "पण ओट्यावरून उठा." रूपराव उठले. जुन्या सवयीने गाडीसाठी जमवलेल्या पैशांची थैली कमरेला बांधली.

दर्शन झालं. परतताना घाट उतरून बस हेटौडा नावाच्या गावी स्वयंपाकाला थांबली. बायकांनी चुली मांडल्या. रूपराव काठी टेकत रस्त्याकडेने गेले आणि एका घराच्या पडवीत त्यांना मोटारसायकल दिसली. मागच्या चाकाला पुठ्ठा टेकवून ठेवला होता आणि त्यावर चुन्याने हिंदीत लिहिलं होतं, बिकाऊ है.

बाजेवर एक म्हातारा ऊन खात होता. हर्कबहादुर त्याचं नाव. हिंदुस्थानच्या पलटणीत नोकरी करून पेन्शनीत आलेला, त्यामुळे हिंदी बोले. दलाल नव्हता. मालक समोर बसला होता.

रूपरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. सीटवर तळवा ठेवला आणि दाबून सोडला. मग बसचा ड्रायव्हर प्रेमदास, वर्ध्याचाच, त्याला हाक मारली.

"दात पाह्यले का रूपरावजी?" प्रेमदासने विचारलं.

"तू चालवून दाखव. मी मांगून पाहतो."

प्रेमदासने गाडी रस्त्यावर नेली आणि आणली. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून रूपराव दगडावर टेकले आणि मान खाली घालून मागचं चाक पाहत राहिले. पुन्हा चालवायला लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा प्रेमदास म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. घ्याची तर घ्या. पण एक सांगू? हे राजदूत आहे. आपल्याच देशातली. परदेशात येऊन हेच घेता का?"

"बैल कोणत्या गोठ्यातला हे पाहत नाई मी. चाल पाहतो."

ते म्हाताऱ्याजवळ बाजेवर बसले. काही न बोलता खांद्यावरचा दुपट्टा काढला, म्हाताऱ्याच्या हातावर टाकला, आणि खाली हात घालून त्याची दोन बोटं धरली.

म्हणजे दोन हजार. तिथून सुरुवात करून तीनपर्यंत जायचं त्यांनी ठरवलं होतं.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग दुपट्ट्याखाली त्याने रूपरावांचा अख्खा पंजा आपल्या मुठीत घेतला. रूपरावांना वाटलं, पाच मागतो, हा वेडा आहे, एवढ्यात नवी येईल. त्यांनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला. म्हातारा सोडेना. तो रस्त्याकडे पाहत होता.

"बेटे की है," तो म्हणाला. "सावन में नदी ले गयी उसको. गाड़ी किनारे खड़ी मिली."

रूपरावांनी गाडीकडे पाहिलं.

"सब आये. सब बोल के गये, भगवान की मर्जी. आपने कुछ बोला नहीं. आके हाथ पकड़ लिया."

आता काय सांगणार? हा हात दुखवट्याचा नाही, सौद्याचा आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आयुष्यात हजारो हात रूपरावांनी धरले होते. रेंगाळलेला प्रत्येक हात त्यांनी ओळखला होता आणि प्रत्येकाचं बोट मिटवलं होतं. हा हात तर रेंगाळत नव्हता, राहायलाच आला होता. त्यांनी आपला हात ढिला सोडला. ऊन सरकून बाजेच्या पायाशी गेलं. चुलीवरून आनंदाबाईंनी हाक मारली, ती त्यांनी ऐकली आणि ते उठले नाहीत.

घरातून म्हातारी बाहेर आली. तिने पदराने गाडीची टाकी पुसली आणि या दोघांकडे न पाहता आत गेली.

"रोज पोंछती है," म्हातारा म्हणाला. "इसलिए बेचता हूँ. जब तक खड़ी है, रास्ता देखेगी." मग त्याने स्वतःच हात मोकळा केला. "आप ले जाइये. दाम आप बोलिये. जो बोलेंगे, ठीक."

रूपरावांनी कधीही भाव तोंडाने सांगितला नव्हता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाले, "तीन हजार."

बसच्या टपावर भांड्यांच्या शेजारी गाडी आडवी बांधली गेली. कागद म्हाताऱ्याने दिले. म्हातारी दारात आली नाही. बस सुटली. आनंदाबाई म्हणाल्या, "प्रेमदास सांगत होता सारं. दोन म्हटले असते तरी त्यानं देली असती."

"देली असती."

"मंग?"

"म्हणूनच दोन नाई म्हटले."

आनंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

आंजीत गाडी उतरली तेव्हा सगळ्यात आधी नत्थूजी आला. गाडीभोवती फिरला, टाकीवरचं नाव वाचलं.

"वा, काकाजी. नेपाळात गेलते अन् राजदूत आणली. आता काशीले जाजा अन् आंजीची गाय घेऊन येजा."

ओट्यावरची माणसं हसली. रूपरावही हसले. दोन वर्षांनी त्यांच्याशी कोणीतरी बाजाराच्या भाषेत बोलत होतं.

शिकायला वेळ लागला. बऱ्या पायाने किक मारत आणि दुखरा पाय लाकडासारखा बाहेर काढून चालवत. आनंदाबाई दार लावून घेत, त्यांना पाहवत नसे. पण पुढच्या हिवाळ्यात, कारंजाच्या बाजाराच्या दिवशी, अजून तारे असताना रूपराव निघाले आणि उजाडायच्या आधी पोचले. बैल बिथरू नयेत म्हणून गाडी ढाब्यापाशी लावली आणि काठी टेकत बाजारात शिरले. धुकं, घुंगरं, ओल्या कडब्याचा वास. एकाने राम राम केला. दुसऱ्याने बसायला गोणपाट टाकलं. रूपरावांनी डोळ्यांवरून दुपट्टा फिरवला, थंडीने पाणी आलं असावं.

सदाशिवराव हे त्यांचे जुने गिऱ्हाईक. पन्नास एकरांचा माणूस. त्यांनी लगेच हाताला धरून एका पांढऱ्या, गवळाऊ जातीच्या बैलापाशी नेलं. "एकच पाह्यजे मले. जोडीचा घरी आहे. हा भावात बसवून द्या."

बैलाजवळ जंगू नावाचा गोंड शेतकरी उभा होता, डोंगराकडच्या एका पाड्यातला. त्याच्या जोडीतला दुसरा बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला होता. एका बैलाने वखर चालत नाही, एकाला नुसतं खाऊ घालणं परवडत नाही. म्हणून हाही विकायचा, आणि मग दुसऱ्याच्या शेतावर जायचं. हे त्याने सांगितलं नाही. रूपरावांनी बैलाच्या मानेवरचा जुवाचा घट्टा पाहिला, तो एकाच बाजूला जास्त होता, शेजारी जोडीदार नव्हता, आणि त्यांना कळलं.

त्यांनी दुपट्टा टाकला. बोटं धरली. भाव बरा होता. जंगूचा हात निघाला नाही.

हीच ती जागा. सदाशिवराव शेजारी उभे राहून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आता एक बोट मिटवायचं, जंगू मान हलवेल, सदाशिवराव पाठीवर थाप मारतील, आणि रूपराव पुन्हा बाजारातले रूपराव होतील. यासाठीच तर ते अंधारात चाळीस मैल आले होते. बोट कोणतं मिटवायचं हेही हाताला माहीत होतं. जंगूचा तळवा खरखरीत, थंडगार होता. तो तिथे होता आणि जात नव्हता.

रूपरावांनी हात बाहेर काढला.

"काऊन?" सदाशिवराव म्हणाले. "काय झालं?"

"नाई जमत."

"भाव जास्त सांगते का?"

"भाव बराबर आहे. मले जमत नाई."

सदाशिवराव म्हणाले, "गुडघ्यासंगं आणखी काई गेलं वाटते तुमचं, रूपरावजी," आणि नत्थूजीला शोधायला निघून गेले. ते पुन्हा कधी रूपरावांकडे आले नाहीत. सदाशिवराव येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यासारखे दुसरेही आले नाहीत.

जंगू घाबरला होता. "बैलात खोट आहे का भाऊ?"

"खोट नाई. एकटा आहे." रूपराव बैलाच्या खांद्याशी उभे राहून आपल्या छातीवर त्याची उंची पाहत होते. "हा जुवाच्या डाव्या अंगाले चालते ना?"

"हो."

"घाई नको करू. डोंगराखाली एका विधवा बाईजवळ उजव्या अंगाचा बैल मी पाह्यला होता, गोऱ्हा होता तवा. आता एवढाच झाला असंन. चाल अशीच लंबी. त्याचाबी जोडीदार टिकला नाई असं ऐकलं होतं. असंन अजून तर पाहू."

"बाजारात आणला आहे का तिनं?"

"तिले विकाचा नाई. तिले जोतायले माणूस पाह्यजे. तुले बैल पाह्यजे."

"मंग तुमाले काय भेटन त्याच्यात?"

दलालाला असा प्रश्न कोणी विचारत नाही. "पेट्रोल टाकजो," रूपराव म्हणाले.

बैल ओळखीच्या माणसाजवळ बांधून दोघं ढाब्यापाशी आले. जंगू आजवर मोटारसायकलवर बसला नव्हता. त्याने सीटला हात लावून पाहिला आणि विचारलं, "कोठून घेतली?"

"नेपाळातून."

"तिकडं बनते का?"

"नाई. बनते इकडंच."

"मंग तिकडून काऊन आणली?"

रूपरावांनी किक मारली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली. त्या आवाजात काही सांगता आलं असतं की नाही कोण जाणे, पण जंगूने तोवर मागे बसून घाबरत त्यांचा खांदा धरला होता, घट्ट, आणि रूपरावांनी गाडी डोंगराकडच्या कच्च्या वाटेला घातली.