शेठ, हो बाजूला

सायमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. फोन त्याच्या मुलीचा, रूथचा. किडनीचं दुखणं दोन वर्षं चाललेलं, त्यामुळे बातमी अगदीच अचानक म्हणता येणार नाही, तरी अर्धं उचललेलं शटर धरून मी तसाच उभा राहिलो. रडणं जरा आवरल्यावर रूथ म्हणाली, "काका, एक विचारायचं होतं. पप्पांचा एखादा चांगला फोटो तुमच्याकडे आहे का? घरात एकही सापडत नाही."

आता यावर हसावं की रडावं? निम्म्या श्रीरामपूरची लग्नं ज्यानं टिपली, त्याच्याच घरात त्याचा फोटो नाही! एक होता, आधार कार्डावरचा. पण त्याच्या बायकोनं, मार्था वहिनींनी, तो लावायला साफ नकार दिला. "त्यात ते पाकीटमार दिसतात," त्या म्हणाल्या. दफनविधी फोटोशिवायच उरकला. तीन आठवड्यांनी चर्चमध्ये स्मृतिसभा होती, तिथे मात्र फोटो हवाच, असं त्यांनी मला बजावलं. "माणूस गेला, भाऊजी. निदान चेहरा तरी भिंतीवर असू द्या." एवढं बोलून त्या आत गेल्या.

माझं हार्डवेअरचं दुकान आणि त्याचा स्टुडिओ, मध्ये एक भिंत. लग्नं, बारशी, पासपोर्ट हे सगळं तो डिजिटल कॅमेऱ्यावर करायचा, ते पोटासाठी. जिवासाठी त्याच्याकडे एक मोठा लाकडी कॅमेरा होता. तिवईवर चढवायचा, डोक्यावर काळं कापड ओढून मागच्या काचेत बघायचं, आणि एका वेळी एकच फिल्म घालायची, पोस्टकार्डाएवढी. फिल्म मुंबईहून मागवावी लागे. तो ती केशरासारखी वापरायचा. या कॅमेऱ्यानं त्यानं आयुष्यभर फक्त शहरं काढली. आमचा स्टेशनरोड, कापसाची गोदामं, पाण्याची टाकी, नगरच्या गल्ल्या, सुप्याच्या एमआयडीसीतले पत्र्याचे कारखाने. माणूस एकातही नाही. भिंगाचं तोंड बारीक करून दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवायचा, त्यामुळे चालती माणसं, सायकली, टेम्पो फिल्मवर उमटायचेच नाहीत. भर बाजाराचा रस्ता फोटोत अगदी निवांत दिसायचा. अडचण व्हायची ती एका जागी थांबलेल्यांची. त्यांना हटवणं हे माझं काम.

माझं दुसरं काम म्हणजे खुंटीसारखं उभं राहणं. तो मला छत्री देऊन रस्त्यात एखाद्या जागी उभा करायचा. माझ्यावर फोकस जुळवायचा. जुळला की कापडातून आवाज यायचा, "शेठ, हो बाजूला!" वीसेक वर्षं मी असा बाजूला होत आलो. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, एकदा तरी राहू दे की मला फोटोत." तर म्हणतो, "तू हलतोस." मी म्हटलं, "मी पुतळ्यासारखा उभा राहतो." "तू राहतोस रे, तुझं पोट हलतं."

गंमत अशी की तिवई दिसली की लोकांना वाटायचं, रस्ता रुंदीकरणाची मोजणी आली. देवळाली प्रवऱ्यात एकदा पेठेत कॅमेरा लावला, तर एक म्हातारबा काठी टेकत तरातरा आले. "मोजनी हाय का? आमचा वटा जातुय व्हय?"

"न्हाई जात, मामा," सायमन म्हणाला. "फोटो काढतोय."

"फोटु? मंग मानसं कशापायी हाकलताय?"

म्हाताऱ्यानं ओटा वाचल्याच्या आनंदात आम्हाला चहा पाजला. परत येताना मोटरसायकलवर मागे बसून तो म्हणाला, "माणसांचे फोटो निघतात रे. कुणी ना कुणी काढतंच. रस्त्याचा कोण काढतो?" मी म्हटलं, "आणि तुझा कोण काढतो?"

शेवटचा फोटो गेल्या पावसाळ्यानंतरचा. डायलिसिसनं तो पार वाळला होता, कॅमेऱ्यामागे वाकलं की गरगरायचं. तरी हट्ट होता, स्टेशनरोड बाजाराच्या दिवशी काढायचा. मग आम्ही जागा बदलल्या. छत्री टेकवून तो रस्त्यात उभा राहिला आणि मी कापडात शिरलो. काचेत सगळं उलटं दिसतं... डोकी खाली करून चाललेली माणसं, आणि मधोमध उलटा सायमन, अगदी रेखीव. तो तिथूनच ओरडून सांगत होता. "भिंग बंद केलंस? फिल्म घाल. आता पट्टी ओढ." मी फिल्मवरची झाकणपट्टी ओढली. आता तो बाजूला होणार, तेवढ्यात मला काय वाटलं कोण जाणे, मी ओरडलो, "हलू नकोस!" आणि कळ दाबली.

दुसरा कुणी असता तर रागानं निघून गेला असता. पण फिल्म वाया घालवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो जागच्या जागी थिजला. श्वास रोखून, डोळे माझ्यावर रोखून, मी आकडे मोजून कळ सोडीपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "एक फिल्म घालवलीस, शेठ." पुढे त्या फोटोचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

स्मृतिसभेच्या आधी रूथला मी ती फिल्म शोधायला लावली. फिल्म त्यानं धुऊन, नीट पाकिटात घालून ठेवलेली होती. त्यात सायमन करंगळीच्या पेराएवढा आणि चेहरा म्हणजे तांदळाचा दाणा. एवढ्याशा दाण्यातून काय निघणार, असं मला वाटलं. रूथ ती पुण्याला घेऊन गेली आणि चेहरा मोठा करून आली. थोडा रवाळ आहे, पण सगळं आलंय. खुरटी दाढी, शर्टाचं तुटकं बटण, आणि भयंकर चिडलेले डोळे. मागचा बाजार रिकामा.

पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, चर्चमध्ये असा रागावलेला फोटो बरा दिसेल का? वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हाच लावा. असेच होते ते."

आता तो त्यांच्या बैठकीत टीव्हीच्या वर आहे. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी तिथे चहाला जातो, कारण मला सायमनची फार आठवण येते आणि दुसरीकडे कुठे जावं ते सुचत नाही. माझी नेहमीची खुर्ची नेमकी फोटोसमोर येते. बसलं की ते डोळे थेट माझ्यावर. मी खुर्ची जरा भिंतीकडे सरकवतो, मग बसतो. गेल्या आठवड्यात चहा ठेवता ठेवता वहिनींनी विचारलंच, "भाऊजी, रोज खुर्ची का हो सरकवता?"

"मध्ये येतोय ना मी त्याच्या," मी म्हटलं.