आघाड्याचा क्षार आणि टिकटिकणारं यंत्र

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंचे उपकार आधी सांगतो, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी सोलापूर सोडून पळालोच असतो.

सातवीत शाळा सुटली आणि पुढे कोकणातून मी इथल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात आलो. माझ्याकडे आघाड्याच्या क्षाराचं काम. झाडं वाळवून जाळायची, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं. तळाला उरतो तो पांढरा क्षार. खोकल्यावर मधातून देतात. मालकांना विचारून थोडा आईलाही पाठवला होता. इतक्या लांबून तिच्यासाठी तेवढंच जमत होतं.

झाडपाल्याच्या औषधांत किरणं किती, ती खाणाऱ्याला बाधतील का, हे बाई यंत्रावर तपासत; किरणं जास्त तशी त्याची टिकटिक भरभर. आमचे नमुने पोचवायला मी आणि माझा जोडीदार गेलो. अडुळशाला यंत्र सावकाश टिकटिकलं. क्षार ठेवला आणि टिकटिक भरभर सुरू झाली. तासाची घंटा झाली म्हणून बाई आकडे टिपून घाईने गेल्या.

बाहेर आल्यावर जोडीदार म्हणाला, "कोकण्या, आता तू अंधारात चमकतोस बघ. रॉकेल वाचलं की रं!"

मी हसलो. पण आईला पाठवलेला क्षार आठवला. आईच्या पोटात काय गेलं असेल? खोलीवर बोलायला कोणी नाही. शेजारी सगळे विणकर, आपसांत तेलुगू बोलायचे. भले लोक, पण त्यांना हे कसं सांगू? दिवसभर मागांची खडखड चाले, मला तिच्यातही टिकटिकच ऐकू येई. जेवण जाईना.

शेवटी धीर करून बाईंकडे गेलो. दारातच रडू फुटलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, रविवारी या." मला 'अहो' म्हणणारं या गावात दुसरं कोणी नव्हतं.

रविवारी त्यांनी यंत्राखाली काहीच ठेवलं नाही. तरी टिकटिक! "ही सगळीकडे असतेच. आधी ही मोजायची, मग औषधाची." मग एक पुडी सोडली. "ही माझ्या बंबातली राख. भांडी घासतो आपण हिनं." यंत्र पुन्हा भरभर बोलू लागलं.

"झाडात पोटॅशियम असतं, जाळलं की ते राखेत उरतं. तुमच्या-माझ्या अंगातही असतं. त्यातलंच किंचित असं टिकटिकतं."

"मग आईला?"

"चिमूटभरच घेतात ना? एवढ्या किरणांनी काही होत नाही. पण क्षार जहाल असतो, जास्त घेऊ नका म्हणावं."

त्या दिवशी खाणावळीत मी पोटभर जेवलो.

निघताना बाई बोलून गेल्या, की त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. बाई, मी एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन, किनाऱ्यावर बसवीन आणि आईच्या हातचं गरम जेवण वाढीन. शब्द देतो.