वाऱ्याने आणलेलं पाखरू

जुलैत तीन दिवस नुसता वारा पिसाटला होता. चौथ्या सकाळी फुलपाड्यातल्या आमच्या पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत, कुंड्यांमागे, एक काळपट पाखरू पडलेलं दिसलं. बुलबुलाएवढं, पण चोचीवर नळीसारखं नाक, आणि वास सुकटीचा डबा उघडल्यासारखा.

ह्यांनी ऑफिसातल्या एका पक्षीवेड्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "वहिनी, हे पेट्रेल! पार प्रशांत महासागरातलं, जपानकडच्या बेटांवर जन्मणारं. समुद्रावरच राहतं. दमलंय फक्त. खोक्यात, अंधारात ठेवा आणि काही म्हणजे काही करू नका. वारा पडला की समुद्रावर सोडा."

काही करू नका! हे मला सांगावं? दूध तापेपर्यंत मी चारदा गॅसपाशी जाऊन येते. दर दहा मिनिटांनी खोकं उघडून बघत होते. जीव नुसता टांगणीला. एवढा समुद्र ओलांडून आलेलं पाखरू माझ्या घरात मेलं तर? पंखाखाली खरचटलेलं दिसलं तेव्हा राहवेना. खोबरेल तेलात हळद कालवली आणि दोन्ही पंखांना, पोटाला हलक्या हाताने चोपडली. आमच्या कोकणात पोर पडो की वासरू लंगडो, हाच उपाय.

"अगं, त्याने नको सांगितलंय," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

दुसऱ्या दिवशी वारा पडला. रिक्षाने अर्नाळ्याला गेलो. ओहोटी होती. पाण्यापाशी मी ओंजळ उघडली. पाखरू उडालं, खरंच उडालं! मी टाळ्या पिटल्या. थोडं पुढे जाऊन ते लाटेवर टेकलं, ते उठेचना. पंख फडफडले, मग जड झाले.

जवळच वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक कोळीण साडी खोचून पाण्यात शिरली आणि त्याला घेऊन आली. बोटांना लागलेला पिवळा ओशटपणा तिने हुंगला.

"तेल लावलंस, बाय? अगो, ह्यांच्या पिसांवर पानी ठरत नाय. तेलानं पिसं चिकटली, पानी आत शिरलं."

रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात ते माझ्या मांडीवर होतं, गार पडलेलं. मी ओढणीने त्याची पिसं पुसत होते, एकेक सुटी करत होते. ह्यांनी माझा हात धरला. "राहू दे आता," म्हणाले.

मी हात सोडवून घेतला आणि पुसतच राहिले.